नऊपैकी एक : कर्करोगाच्या आजीवन जोखमीच्या अनुमानपद्धतींची चिकित्सा

नऊ भारतीयांपैकी एकाला त्याच्या आयुष्यात कर्करोग होण्याचा संभव आहे, हे विधान गेल्या काही वर्षांत इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की, ते कोणी, कशावरून आणि कोणत्या अटींवर केले याची पृच्छा करण्याची आवश्यकता कोणास वाटेनाशी झाली आहे. विधानाचे मूळ शोधणे मात्र अवघड नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाने २०१२ ते २०१६ या वर्षांतील नोंदींच्या आधारे २०२० मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत ते आढळते. त्याच्या जोडीला ६८ पुरुषांपैकी एकास फुप्फुसाचा आणि २९ स्त्रियांपैकी एकीस स्तनाचा कर्करोग होईल, अशीही दोन विधाने तेथे आहेत. २०२२ च्या अनुमानांत नऊपैकी एक हेच प्रमाण पुन्हा मांडले गेले. आणि ४३ नोंदणी केंद्रांच्या २०१५ ते २०१९ च्या नोंदींवरून २०२५ मध्ये जे विवेचन प्रसिद्ध झाले, त्यातील ११ टक्के हा आकडाही वेगळ्या वेषातील तोच आकडा होय. २०२० च्या निष्कर्षांत या विधानांना एक छोटीशी पुरवणी जोडलेली होती : शून्य ते चौऱ्याहत्तर वर्षे वयापर्यंत. परिषदेच्या कचेरीतून निघालेले विधान जिल्ह्याच्या ठिकाणी, तेथून हातकणंगल्यासारख्या तालुक्याच्या गावी आणि तेथून एखाद्या शाळेत भरलेल्या आरोग्यशिबिरात पोचेपर्यंत ही पुरवणी वाटेतच गळून पडते. उरतात ते तीन शब्द. शिबिरास आलेली स्त्री आपल्या बाकावरील नऊ जणींकडे पाहते आणि त्यांतील एक कोण, याचा विचार करू लागते.

या विचारात तिची चूक काहीच नाही. वाक्याने तिला जे सांगितले तेच तिने ऐकले. म्हणून गणिताची चिकित्सा करण्यापूर्वी वाक्याची चिकित्सा करणे अवश्य आहे. 'आजीवन' हे विशेषण मराठीत ज्या संदर्भांत रुळले आहे, ते संदर्भ आजीवन कारावास आणि आजीवन सभासदत्व हे होत. दोहोंतही एखादी अवस्था आज सुरू होते आणि मरेपर्यंत सारख्याच प्रमाणात टिकते. कर्करोगाच्या जोखमीचे स्वरूप याच्या अगदी उलट आहे. ती वयाच्या विसाव्या वर्षी अत्यल्प असते, पन्नाशीनंतर झपाट्याने वाढते आणि जो साठ वर्षांचा निरोगी माणूस आहे त्याच्या बाबतीत तिचा एक भाग खर्च होऊन गेलेला असतो. 'आयुष्यभरात साचणारी' असे म्हटले असते तर अर्थ पुष्कळ नेमका झाला असता. 'जोखीम' या शब्दाचीही एक अडचण आहे. बोलीत तो अंगावरच्या दागिन्यांसाठी, सांभाळून न्यावयाच्या मौल्यवान वस्तूसाठी आणि जबाबदारीसाठी वापरला जातो. जोखीम म्हणजे आपल्यापाशी असलेली, आपण वाहिलेली वस्तू. व्युत्पत्ती काहीही असो, 'जोखणे' या क्रियापदाशी असलेल्या ध्वनिसाम्यामुळे तो शब्द मोजमापाकडेही झुकतो आणि तेवढ्यापुरता तो 'धोका' या शब्दापेक्षा बराच. तथापि माझी जोखीम, तुझी जोखीम असे म्हणताच ती व्यक्तीच्या शरीरात दडलेली एक मात्रा आहे असा भास होतो. संख्याशास्त्राला अभिप्रेत असलेली जोखीम शरीरात नसते. ती एका समूहाविषयीच्या विधानात असते.

क्रियापदाचा प्रश्न तर याहून नाजूक आहे. 'होऊ शकतो', 'होण्याचा संभव आहे', 'होईल' आणि 'होणार' या चार रूपांत मराठी वक्ता निश्चितीच्या चार पायऱ्या स्पष्टपणे ओळखतो. मूळ विधान समूहापुरते 'होईल' या पायरीवरचे आहे, कारण नऊ कोटींत एक कोटी हे विधान पुष्कळसे निश्चित असते. व्यक्तीकडे वळताना ते 'संभव आहे' या पायरीवर उतरावयास हवे. प्रत्यक्षात ते फलकावर 'होणार' असे चढते. बहुवचनाविषयी केलेले विधान एकवचनात नेताना क्रियापद बदलले पाहिजे, हा साधा व्याकरणाचा नियम येथे पाळला जात नाही. आणि त्याचे परिणाम केवळ व्याकरणापुरते राहत नाहीत, हे पुढे दिसेल.

आता पद्धतीकडे वळू. नऊपैकी एक हा आकडा ज्या रीतीने काढला जातो, ती रीत निकोलस डे यांनी १९७६ च्या सुमारास सुचविली आणि तिच्या साधेपणामुळे ती जगभर रूढ झाली. प्रत्येक पाच वर्षांच्या वयोगटात दर लाख लोकांमागे एका वर्षात नव्याने किती रुग्ण आढळले, हा वयोगटाचा बाधादर. शून्य ते चारपासून सत्तर ते चौऱ्याहत्तरपर्यंत असे पंधरा गट होतात. प्रत्येक गटाच्या दरास पाचाने गुणून सर्वांची बेरीज केली की संचित दर मिळतो. तो समजा शेकडा ११.७८ आला, तर घातांकी सूत्राने त्याचे रूपांतर संचित जोखमीत केले जाते आणि ती शेकडा ११.१, म्हणजे नऊपैकी एक, इतकी भरते. या पद्धतीचे दोन गुण मान्य केलेच पाहिजेत. एक, तिला कोणत्याही प्रमाण लोकसंख्येचा आधार लागत नाही. वय-समायोजित दर काढताना सेगी यांनी १९६० मध्ये सुचविलेली आणि डॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये थोडी बदललेली जी कल्पित जागतिक लोकसंख्या वापरावी लागते, तिच्या निवडीचा प्रश्नच येथे उद्भवत नाही. दुसरे, ती दोन प्रदेशांची तुलना सुलभ करते. तुलनेचे साधन म्हणून ही पद्धत उत्तम आहे. दोष निर्माण होतो तो तुलनेच्या साधनाला भविष्यकथनाच्या आसनावर बसविल्यामुळे.

कारण या सूत्रात एक गृहीत दडलेले आहे : पंचाहत्तर वर्षांच्या आत माणूस दुसऱ्या कोणत्याही कारणाने मरत नाही. हृदयविकार, क्षय, रस्त्यावरचा अपघात, बाळंतपण, सर्पदंश यांना या गणितात स्थान नाही. नमुना नोंदणी योजनेनुसार २०१६ ते २०२० या काळात भारतीयांचे जन्मवेळचे सरासरी आयुर्मान ७० वर्षे होते, हे ध्यानात घेतले म्हणजे चौऱ्याहत्तर ही मर्यादा सरासरी आयुष्याच्याही पलीकडची आहे असे दिसते. गृहीताचा परिणाम किती होतो हे एका पूर्णतः काल्पनिक उदाहरणावरून पाहता येईल. एक हजार जन्मांपैकी, अन्य कोणी मेलेच नाही तर, १११ जणांना पंचाहत्तरीपर्यंत कर्करोग होतो असे धरू; त्यांपैकी ४५ साठीच्या आत व ६६ साठीनंतर. आता साठीच्या आतील या रुग्णांपैकी एक दशांश आणि साठीनंतरच्यांपैकी एक तृतीयांश रोग प्रकट होण्यापूर्वीच अन्य कारणांनी दगावले असे मानले, तर उरतात सुमारे ८४. नऊपैकी एकाचे बारापैकी एक झाले. रोग तोच, समाज तोच. केवळ मृत्यूची दखल घेतली एवढाच फरक. त्याच उदाहरणातील जो माणूस साठाव्या वर्षापर्यंत निरोगी राहिला, त्याची पंचाहत्तरीपर्यंतची जोखीम, मूळ सूत्रानेच काढली तरी, ९५५ पैकी ६६, म्हणजे साधारण चौदापैकी एक इतकी होते. त्याला नऊपैकी एक असे सांगणे म्हणजे फेडलेल्या कर्जाचेही व्याज मागणे होय.

जीवनसारणीवर आधारलेली दुसरी पद्धत हा दोष दूर करते. तीत प्रत्येक वयाला जिवंत व रोगमुक्त किती उरले याचा हिशेब ठेवून मगच बाधादर लावला जातो. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने याच तत्त्वावर आपली गणनप्रणाली उभारली आहे. तीतही एक पेच आहे. नोंदवहीत अर्बुदे मोजली जातात, माणसे नव्हेत. एकाच रुग्णास दुसऱ्या अवयवाचा स्वतंत्र कर्करोग झाला तर तो पुन्हा मोजला जातो. ब्रिटनमध्ये ससिएनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये या दुबार मोजणीची दुरुस्ती करणारी पद्धत मांडली आणि तिच्या साहाय्याने २०१५ मध्ये असा निष्कर्ष काढला की, १९६० साली जन्मलेल्या ब्रिटिश पुरुषांत ५३.५ टक्के आणि स्त्रियांत ४७.५ टक्के इतकी आजीवन जोखीम आहे. ब्रिटनमध्ये दोनपैकी एक आणि भारतात नऊपैकी एक, ही तुलना त्यानंतर वारंवार केली गेली. आपल्या आहाराचे व मसाल्यांचे गुणगान करण्यासाठीही ती वापरली गेली. वस्तुतः हे दोन आकडे एका जातीचे नाहीत. एकात संपूर्ण आयुष्य धरले आहे, दुसऱ्यात पंचाहत्तरी हा बांध आहे. एकात अन्य मृत्यू वजा केले आहेत, दुसऱ्यात नाहीत. एक विशिष्ट वर्षी जन्मलेल्या पिढीविषयी आहे, दुसरा कोणत्याच पिढीविषयी नाही.

हा शेवटचा भेद भाषाशास्त्राच्या अभ्यासकास विशेष परिचित वाटेल. संचित जोखीम काढताना आजच्या वीस वर्षांच्या तरुणाचा दर, आजच्या पन्नाशीतल्या गृहस्थाचा दर आणि आजच्या सत्तरीतल्या वृद्धाचा दर एकमेकांस जोडून एक कल्पित आयुष्य रचले जाते. विल्यम लाबोव यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेगवेगळ्या वयाच्या भाषकांची आजची बोली ऐकून भाषेतील बदलाचा काळ अनुमानिला, तोही मार्ग हाच. त्याला पुढे आभासी काल असे नाव मिळाले. या मार्गाचा पाया असा की, माणसाची बोली तारुण्यात स्थिरावते आणि मग फारशी बदलत नाही. कर्करोगाच्या बाबतीत असा पाया कोणता? हातकणंगले तालुक्यातील आज सत्तरीत असलेल्या स्त्रीने ज्या वयात मिश्री लावावयास सुरुवात केली, ज्या वयात तिचे पहिले बाळंतपण झाले, जितकी वर्षे ती चुलीच्या धुरात बसली, यांतील एकही गोष्ट तिच्या नातीच्या बाबतीत तशी राहिलेली नाही. नातीचे लग्न उशिरा होते, मुले एक किंवा दोन, घरात गॅस आहे. नात सत्तरीची होईल तेव्हा तिला आजीचा दर लागू पडेल असे मानण्यास आधार नाही. गर्भाशयमुखाच्या रोगापुरता तो पुष्कळ कमी आणि स्तनाच्या रोगापुरता पुष्कळ अधिक असण्याचाच संभव. दोन्ही चुका एकमेकींस झाकतात आणि बेरीज मात्र साजरी दिसते.

सूत्र कितीही सुधारले तरी त्यात घालावयाचे आकडे कोठून आणावयाचे, हा प्रश्न उरतोच; आणि कोल्हापूर जिल्ह्यापुरता तोच मुख्य प्रश्न आहे. भारतातील लोकसंख्याधिष्ठित पहिली कर्करोग नोंदणी मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने १९६३ मध्ये सुरू केली. राष्ट्रीय कार्यक्रम १९८१-८२ चा. ग्रामीण भागातील पहिले नोंदणी केंद्र १९८७ मध्ये बार्शी येथे निघाले आणि बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील खेडी त्याच्या कक्षेत आली. या बार्शीच्या कार्याचे मोल आजही पुरेसे ओळखले गेलेले नाही. शहरातील नोंदणी ही इस्पितळे व विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळा यांच्या कागदांवर चालते. बार्शीच्या परिसरात असे कागदच नव्हते. तेव्हा कार्यकर्ते गावोगाव वारंवार फिरले, लोकांना रोगाची लक्षणे समजावून दिली, संशयित रुग्णांस इस्पितळात आणले आणि मग नोंद केली. नोंदवही भरण्यासाठी आधी रोग्याला डॉक्टर मिळवून द्यावा लागला, असे हे काम होते.

२०१२ ते २०१६ च्या निष्कर्षांत देशातील २८ केंद्रांची आकडेवारी आहे. त्यांपैकी महाराष्ट्रातील सात : मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद, वर्धा, बार्शी आणि उस्मानाबाद-बीड. कोल्हापूर, सांगली, सातारा यांपैकी एकही जिल्हा त्यात नाही. म्हणजे २०११ च्या जनगणनेत ३८ लाख ७६ हजार वस्ती असलेल्या कोल्हापूर जिल्ह्यातील एकाही रुग्णाचा त्या नऊपैकी एक या आकड्यास आधार नव्हता. हातकणंगले तालुक्याला हा आकडा लावावयाचा तर तो उसनाच. उसना घ्यावयाचा तर कोणाकडून? त्याच निष्कर्षांत ऐझॉल जिल्ह्यातील पुरुषांचा वय-समायोजित दर लाखामागे २६९.४ इतका, देशात सर्वाधिक होता. आणि सर्वांत कमी उस्मानाबाद-बीडचा, पुरुषांत ३९.५ व स्त्रियांत ४९.४. एकाच देशात जवळजवळ सातपट अंतर. २०२५ च्या विवेचनातही मिझोराममध्ये पुरुषांची आजीवन जोखीम २१.१ टक्के व स्त्रियांची १८.९ टक्के आढळली. 'नऊपैकी एक भारतीय' या पदबंधातील 'भारतीय' कोणास म्हणावे, असा प्रश्न येथे पडतो. बारा गावच्या बारा बोलींची सरासरी काढून जी भाषा तयार होईल, ती एकाही गावात बोलली जाणार नाही.

हातकणंगले तालुक्याची घडण पाहिली तर अडचण अधिकच स्पष्ट होते. तालुक्यात इचलकरंजीसारखे, २०११ मध्येच पावणेतीन लाखांहून अधिक वस्तीचे, यंत्रमागांचे नगर आहे. चांदीकामाचे हुपरी आहे. वडगावची बाजारपेठ आहे. कुंभोज, रुकडी, पट्टणकोडोली यांसारखी उसाची मोठी गावे आहेत. यांतील यंत्रमाग कामगाराला पुण्याचा दर लावावयाचा की बार्शीचा? निपाणीची तंबाखू पलीकडेच पिकते. तिचा हिशेब पुण्याच्या दरात किती आणि बीडच्या दरात किती? रोगी उपचारासाठी मिरजेस जातो, कोल्हापुरास जातो, ऐपत किंवा ओळख असेल तर मुंबईस टाटा रुग्णालयात जातो. या सर्व ठिकाणांचे कागद एकत्र आणून, पत्ते जुळवून, दुबार नावे काढून टाकल्याखेरीज तालुक्याचा दर निघणार नाही. मृत्यूच्या नोंदींवर विसंबावे म्हटले तर २०२० मध्ये देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी सुमारे २२.५ टक्के मृत्यूंचेच कारण वैद्यकीय दाखल्याने निश्चित झालेले होते.

उस्मानाबाद-बीडचा तो सर्वांत खालचा आकडाही जरा थांबून पाहण्याजोगा आहे. तो खरोखरच कमी रोगाचा निदर्शक आहे की कमी निदानाचा, याविषयी तज्ज्ञांत मतभेद होऊ शकतात. बार्शीच्या अनुभवावरून ग्रामीण दर शहरापेक्षा वास्तविकच कमी असावा, असे मानण्यास जागा आहे. परंतु बीडच्या बाबतीत आणखी एक वस्तुस्थिती आहे. ऊसतोडणीसाठी स्थलांतर करणाऱ्या स्त्रियांत गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण असाधारण आहे, ही गोष्ट २०१९ मध्ये उघडकीस आली. महाराष्ट्र शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. ज्या स्त्रीला गर्भाशयच उरलेले नाही तिला त्या अवयवाचा कर्करोग होणे नाही. तरीही दर काढताना छेदात तिची गणना होतेच. छेद फुगला की दर उतरतो. हा झाला गणिताचा भाग. त्याहून गंभीर भाग असा की, अंगावरून पाणी जाणे, पोटात दुखणे अशा साध्या तक्रारींसाठी गेलेल्या कित्येक स्त्रियांना, पिशवी काढली नाही तर कर्करोग होणार, असे सांगण्यात आल्याचे त्यांनीच सांगितले आहे. येथे 'होणार' हे क्रियापद पुन्हा भेटते. संभवाचे निश्चितीत रूपांतर झाले आणि तिशीच्या आतबाहेरच्या स्त्रियांनी कर्ज काढून शरीराचा एक भाग काढून टाकला. आकडा सांगणाऱ्याने क्रियापद जपून वापरावे, ही अपेक्षा केवळ शैलीची नव्हे, ती एवढ्यासाठी.

व्यक्तीपुरते बोलावयाचे असेल तर व्यक्तीचे वय, कुळाचा इतिहास, सवयी यांची दखल घेणारी प्रतिमाने वापरावीत, असे उत्तर यावर दिले जाते. अशा प्रतिमानांत स्तनाच्या कर्करोगासाठी मिचेल गेल यांनी १९८९ मध्ये रचलेले प्रतिमान सर्वांत प्रसिद्ध आहे. स्त्रीचे वय, पहिल्या ऋतुप्राप्तीचे वय, पहिल्या अपत्याच्या वेळचे वय, आई, बहिणी व मुली यांपैकी किती जणींस हा रोग झाला आणि पूर्वी किती वेळा स्तनाचा तुकडा तपासणीसाठी काढला, यांवरून ते जोखीम सांगते. ते मुळात अमेरिकेतील गौरवर्णीय स्त्रियांच्या आकडेवारीवर आधारलेले होते. पुढे अन्य वंशांसाठी त्याच्या वेगळ्या आवृत्त्या निघाल्या. त्याची परीक्षा दोन प्रकारे करता येते. समूहात एकंदर किती स्त्रियांना रोग होईल हे ते बरोबर सांगते काय, ही पहिली. तीत ते मायदेशी चांगले उतरले. पुढे रोग होणारी एक आणि न होणारी एक अशा दोन स्त्रिया समोर ठेवल्या तर पहिलीस ते अधिक जोखीम देते काय, ही दुसरी. २००१ मध्ये अमेरिकन परिचारिकांच्या मोठ्या समूहावर ही परीक्षा घेतली गेली, तेव्हा शंभर जोड्यांपैकी सुमारे ५८ जोड्यांत प्रतिमानाचा कौल बरोबर ठरला. नाणे उडविले असते तर ५० जोड्यांत ठरला असता. समूहाविषयी खरे बोलणारे विधान व्यक्तीविषयी जवळजवळ मुके असू शकते, याचे याहून स्वच्छ उदाहरण दुसरे नसेल.

हेच प्रतिमान हातकणंगल्यात आणले तर त्यातील प्रश्नांचे अर्थच पालटतात. किती वेळा तुकडा तपासला, हा प्रश्न अमेरिकेत स्तनाच्या प्रकृतीविषयी काही सांगतो. खेड्यात तो मिरजेला जाण्याचे भाडे कोणापाशी होते एवढेच सांगतो. आईला हा रोग होता काय, या प्रश्नाला उत्तर मिळते : आई गाठीने गेली. गाठ कसली, कोठली, याचा दाखला नाही. मागील पिढीत रोगाचे नाव घेणेच टाळले जात असे. 'कर्करोग' हा शब्दही युरोपीय भाषांतील खेकडावाचक नावाचे शब्दशः संस्कृतीकरण असून, तो ग्रंथांतून व फलकांवरून आला, घराघरात रुळला तो 'कॅन्सर'. ज्या रोगाला घरात नाव नव्हते, त्याचा कुळातील इतिहास एका प्रश्नात कसा मिळावा? अपवाद एका छोट्या गटाचा. ज्यांच्या जनुकांत विशिष्ट दोष वारशाने आलेला असतो त्या स्त्रियांच्या बाबतीत मात्र व्यक्तिगत अनुमानाला खरा अर्थ आहे. २०१७ मधील एका विस्तृत अभ्यासानुसार अशा दोन मुख्य जनुकांच्या दोषात ऐंशी वर्षांपर्यंत स्तनाच्या कर्करोगाची जोखीम अनुक्रमे ७२ व ६९ टक्के इतकी असते. तेथे संख्या मोठी आहे, कारण ज्ञात आहे आणि निर्णयही तसाच मोठा आहे. त्या गटासाठी घडविलेली भाषा सर्वांसाठी वापरणे, ही चूक आहे.

गेली काही वर्षे शिरोळ आणि हातकणंगले या पट्ट्यात कर्करोग वाढल्याची चर्चा आहे. रासायनिक खते, कीटकनाशके आणि पंचगंगेचे पाणी यांकडे बोट दाखविले जाते. पंचगंगेच्या प्रदूषणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही, आणि दूषित पाण्याने काय होते हे इचलकरंजीने २०१२ च्या काविळीच्या साथीत भोगले आहे. परंतु कावीळ काही आठवड्यांत कारण दाखवून देते. कर्करोगाचे कारण व कार्य यांत दशके जातात. शिवाय लहान गावात आकडे स्वभावतःच उड्या मारतात. २०२२ च्या अनुमानातील लाखामागे १००.४ हा दर पाच हजार वस्तीच्या गावाला लावला तर वर्षाला पाच नवे रुग्ण अपेक्षित. केवळ योगायोगाने दर पंधरा गावांपैकी एकात त्या वर्षी नऊ किंवा अधिक रुग्ण निघतील. अशी साठ गावे घेतली तर चार गावे दरवर्षी 'कर्करोगाची गावे' ठरतील आणि दुसरी दोन-तीन गावे अशी निघतील की जेथे एखादाच रुग्ण आहे किंवा तोही नाही. त्यांच्याविषयी कोणी बोलणार नाही. यावरून चर्चा खोटी ठरत नाही. ती खरी की खोटी हे ठरविण्याचे साधनच तालुक्यापाशी नाही, एवढेच ठरते. आणि नोंदवहीच नसताना वाढ झाली असे म्हणणारा आणि झाली नाही असे म्हणणारा अधिकारी, दोघेही सारख्याच अंधारात आहेत.

अनुमान काढल्याखेरीज काही करताच येत नाही, असेही नाही. उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून ५२ ग्रामसमूहांतील ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या तपासणीचा जो प्रयोग झाला आणि ज्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात कोणत्याही स्त्रीची व्यक्तिगत जोखीम मोजली गेली नाही. वय ही मुख्य कसोटी होती. पॅपिलोमा विषाणूची एकदाच केलेली तपासणी ज्या गटास मिळाली, त्यात पुढारलेल्या अवस्थेतील कर्करोग व त्याने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. एका गटास तपासणी मुळीच दिली गेली नाही, यावर पुढे नीतीच्या दृष्टीने कठोर टीका झाली आणि ती अस्थानी नव्हती. परंतु प्रस्तुत विषयापुरता मुद्दा असा की, ज्या ज्ञानाने स्त्रिया वाचल्या ते 'तुला किती जोखीम आहे' या प्रश्नाचे उत्तर नव्हते.

तरीही नोंदणी हवी, ती याच कारणासाठी की अशा कामाचे फळ मोजावयाचे तर आधीचा दर ठाऊक असावा लागतो. हातकणंगले तालुक्याची वस्ती २०११ मध्ये सुमारे आठ लाख होती. देशाचा सरासरी दर लावला तर वर्षाला आठशेच्या आसपास नवे रुग्ण. पंधरा वयोगट व दोन लिंगे मिळून तीस घरांत ते वाटले, आणि त्यातही मुख, स्तन, गर्भाशयमुख असे अवयव वेगळे केले, तर एका वर्षात पुष्कळ घरे रिकामी किंवा दोन-तीन नावांची राहतील. तीन ते पाच वर्षांच्या अखंड नोंदीखेरीज तालुक्याचा म्हणून विश्वासार्ह वयोगटनिहाय दर निघणार नाही. शिवाय रहिवासी कोण, हे आधी ठरवावे लागेल. नोंदणीचा प्रचलित नियम असा की, निदानापूर्वी किमान एक वर्ष जो त्या प्रदेशात राहिला तोच तेथील रुग्ण. दिवाळीच्या सुमारास बीडहून येऊन उसाच्या फडाशेजारी पाल ठोकणारी आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत जाणारी स्त्री या नियमाने हातकणंगल्याची नव्हे. तिची गाठ येथील डॉक्टराच्या हाताला लागली, तरी तिचे नाव बीडच्या वहीत जावयाचे. आणि ते तेथे पोचते किंवा नाही, हे येथील वही सांगू शकणार नाही.